वासे फिरले, खांब जागेवर: तोराजांच्या छपराचा प्रकरण अभ्यास

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागात, रान्तेपाओच्या आसपासच्या डोंगरात तोराजा लोकांच्या वाड्या आहेत. वाडीत शिरलं की समोरासमोर दोन रांगा दिसतात. एका रांगेत घरं, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. दुसऱ्या रांगेत भाताची कोठारं, त्यांची तोंडं घरांकडे. कुळाच्या मूळ घराला तोंगकोनान म्हणतात, कोठाराला आलांग. दोन्हींवर छप्पर एकाच घडणीचं असतं. आढं मधे खोलगट, टोकांना वर उचललेलं. ही टोकं भिंतीच्या इतकी पुढे गेलेली असतात की त्यांना पेलायला घरापासून सुटा, उंच खांब जमिनीत उभा करावा लागतो. तुलाक सोम्बा हे त्याचं नाव. अंत्यविधीत बळी दिलेल्या रेड्यांची शिंगं या खांबावर खालून वर, एकावर एक बांधत नेतात.

हे छप्पर असं का झालं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. वाटाड्याला विचारलं तर उत्तर तयार असतं. पूर्वज उत्तरेकडून होड्यांतून आले, नदीतून वर आले, आणि होडीचंच छप्पर केलं. ऐकायला गोड आहे, आणि नुसतं पर्यटकांसाठी रचलेलंही नाही, कारण पूर्वज उत्तरेकडून आल्याचं तोराजा स्वतः सांगतात. पण तोराजांचीच आणखी एक कथा आहे. पहिलं घर स्वर्गात बांधलं गेलं, चार खांबांवर, आणि त्याचं छप्पर भारतीय कापडाचं होतं. पहिला पूर्वज खाली उतरला तेव्हा त्याने पृथ्वीवर त्या घराची नक्कल केली. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं छापील कापड मसाल्याच्या व्यापारातून या डोंगरांपर्यंत पोचलं होतं, आणि तोराजा घराण्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पवित्र ठेव म्हणून जपलं. म्हणजे एकाच छपरासाठी तिथल्याच लोकांकडे निदान दोन उगमकथा आहेत, होडीची आणि कापडाची. दोन्ही कथा छपराबद्दल बोलतात. कापडाच्या कथेत खांब येतात ते फक्त संख्येपुरते. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

कुठली उत्क्रांती?

घरांच्या अभ्यासात ‘उत्क्रांती’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या अर्थांनी आला आहे. पहिला अर्थ शिडीचा: आधी गुहा, मग झोपडी, मग लाकडी घर, मग दगडी वाडा, आणि सगळ्यात वर युरोपातलं शहर. एकोणिसाव्या शतकात मानवी समाजही याच शिडीवर ओळीने बसवले गेले. हा अर्थ मी वापरणार नाही, कारण त्याने काहीच उलगडत नाही. दूरच्या लोकांना मागासलेलं ठरवायचं, एवढंच काम तो करतो.

दुसरा अर्थ डार्विन आणि वॉलेस यांचा. त्यात वर-खाली काही नाही. तीन गोष्टी लागतात: वारसा, भेद आणि निवड. सुतार सुताराकडून शिकतो, हा वारसा. कुठलंही घर आधीच्या घराची हुबेहूब नक्कल नसतं, हा भेद. कुठल्या घराची पुन्हा नक्कल होते आणि कुठलं पडून जातं, ही निवड. ‘चांगलं’ किंवा ‘पुढारलेलं’ हे शब्द यात कुठेच येत नाहीत.

तोंगकोनान या मांडणीत असं बसतं, तसं जगातली फार थोडी घरं बसतात. तोराजांमध्ये घर हे कुटुंबाचं नाव असतं. वंश आई आणि बाप दोन्हीकडून मोजतात, त्यामुळे एकाच माणसाचं नातं अनेक तोंगकोनानांशी असतं. ‘तू कुणाचा’ यापेक्षा ‘तू कुठल्या घरातला’ याला वजन जास्त. बाळाची वार घराच्या पूर्वेला पुरतात. घर जुनं झालं की, आणि कधीकधी जुनं झालेलं नसतानाही, सगळे भाऊबंद वर्गणी काढून ते उतरवतात आणि त्याच जागी त्याच नावाने पुन्हा उभं करतात. लाकूड नवं, नाव जुनं. जितक्या वेळा पुनर्बांधणी, तितका घराचा मान मोठा. घराची अशी पिढ्यांची माळच तयार होते, आणि वारसा शोधणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं?

वॉलेसने पाहिलेला वाकडा खांब

इथे थोडं थांबायचं आहे, कारण नैसर्गिक निवडीचा सहशोधक आल्फ्रेड रसेल वॉलेस स्वतः याच बेटावर राहिला होता. तोराजांच्या डोंगरात नव्हे, खाली मकास्सरच्या बाजूला, 1856-57 मध्ये. तिथल्या घरांबद्दल त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलेली नोंद मला या विषयातली सर्वांत मोलाची वाटते.

त्याच्या लक्षात आलं की वाऱ्याच्या माऱ्यात असलेलं कुठलंही घर दोनेक वर्षांत कलतं. उभे खांब, आडव्या तुळया आणि वेताने बांधलेले सांधे, एवढाच त्या घरांचा सांगाडा. तिरपा आधार कुणी देतच नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं. काही घरांत मात्र दोन-तीन खांब मुद्दाम निवडल्यासारखे वेडेवाकडे असत. सरळ लाकूड मिळालं नसेल, असं त्याला आधी वाटलं. मग एक दिवस काही माणसं कुत्र्याच्या मागच्या पायासारखा वाकडा ओंडका वाहून नेताना दिसली. हे कशाला, असं त्याने सोबतच्या स्थानिक मुलाला विचारलं. घराच्या खांबाला, तो म्हणाला. सरळ झाडं इथे चिक्कार असताना वाकडं का? तर असा एखादा खांब असला की घर पडत नाही.

वॉलेसने आकृती काढून पाहिली, आणि त्या मुलाचं म्हणणं बरोबर निघालं. चार सरळ काठ्यांचा चौकोन सहज तिरका होतो. पण त्यातल्या एकदोन काठ्या वाकड्या असल्या आणि त्या एकमेकींविरुद्ध झुकत असल्या, तर त्याच तिरप्या आधाराचं काम करतात. ओबडधोबड रीतीने, पण करतात.

मजा अशी की ही युक्ती त्या लोकांना कशी सापडली, आणि ती सापडली तर सरळसोट तिरपा आधार का सापडला नाही, याचा उलगडा वॉलेसने केला नाही. माझ्या मते उत्तर त्याच्याच सिद्धांतात होतं. कधीतरी कुणीतरी नाइलाजाने वाकडा खांब घातला. ते घर शेजारच्या घरापेक्षा जास्त दिवस उभं राहिलं. उभ्या राहिलेल्या घराची नक्कल झाली. कारण कुणाला ठाऊक असण्याची गरज नव्हती. शोध लागला, पण तो कुणी लावला नाही. घराच्या अभ्यासात नैसर्गिक निवडीचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही, आणि ते वॉलेसच्या प्रवासवर्णनात पडून होतं.

ही नोंद खांबांची आहे, हेही लक्षात ठेवू. वारा, भूकंप, ओल, उंदीर, वाळवी या गोष्टींचं चालतं ते मुख्यतः खांबांवर.

होडीचा दावा

आता छपराकडे. 1936 मध्ये फ्रोक्लागे या अभ्यासकाने वाटाड्यांच्या कथेला शास्त्रीय रूप दिलं. खोगिरासारखं छप्पर म्हणजे जहाजाची आठवण, आणि जहाजातून आलेल्या एका संस्कृतीबरोबर ते पसरलं, असा त्याचा दावा. हा एका अर्थी वंशवृक्षाचाच दावा आहे: रूप सारखं आहे, तर पूर्वज एक असला पाहिजे.

असा दावा तपासताना जीवशास्त्रज्ञ आधी विचारतो, सारखेपणा नक्की कुठल्या अवयवात आहे? माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख दिसायला वेगळे, पण हाडांची रचना एक, म्हणजे मूळ एक; ते समजात. वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख काम सारखं करतात, पण मूळ वेगळं. होडीच्या दाव्यात नेमकी हाडांची रचनाच जुळत नाही. होडीचा कणा तळाला असतो, छपराचं आढं माथ्याला. फळ्यांची जोडणी आणि बांबूची शाकारणी यांचं नातं नाही. पूर्व इंडोनेशियात जहाजाची कल्पना घरात आणि गावात खरोखर मुरलेली आहे. तानिंबार बेटांवर सांग्लियात डोल गावात सभेच्या जागी दगडी जहाजच बांधलेलं आहे. पण तिथल्या कल्पनेवरून तोराजांच्या छपराचा उगम काढता येत नाही. छप्पर तयार झाल्यावर त्यात होडी दिसणं आणि होडीतून छप्पर होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन छपरं मोजायची की एक?

खोगिरासारखं छप्पर एकट्या तोराजांचं नाही. सुमात्रात तोबा सरोवराभोवतीच्या बटाक लोकांच्या घरांवर ते आहे. पश्चिम सुमात्रात मिनांगकाबाउंच्या रुमाह गाडांगवर तर आढ्याची टोकं शिंगांसारखी आकाशात जातात. बटाकांत वंश बापाकडून चालतो, मिनांगकाबाउंत आईकडून, तोराजांत दोन्हीकडून. छप्पर मात्र एका जातकुळीचं. तेव्हा हे छप्पर अमुक समाजरचनेतून आलं, असं म्हणणाऱ्याची वाट इथेच बंद होते.

मग हे तीन स्वतंत्र पुरावे धरायचे की एकाच वारशाच्या तीन प्रती? फ्रान्सिस गॉल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञ टायलरच्या निबंधावर हाच आक्षेप घेतला होता: समाज एकमेकांचे नातलग असतील, किंवा एकमेकांकडून उचलत असतील, तर त्यांना सुटी उदाहरणं म्हणून मोजता येत नाही.

वारसा जुना आहे, याला पुरावा भक्कम आहे. उत्तर व्हिएतनाममधल्या दोंग सोन संस्कृतीच्या काशाच्या ढोलांवर, म्हणजे दोन हजार वर्षांहून आधी, खांबांवरची खोगिरी छपराची घरं कोरलेली आहेत. न्गोक लू इथल्या ढोलावर तर आढ्यावर पक्षी बसलेला दिसतो. इंडोनेशियातल्या सुंबावाजवळच्या सांगेआंग बेटावर मिळालेल्या ढोलावर असंच एक घर आहे: वर माणसं, खाली जनावरं. ढोल व्यापारातून आले. चित्राबरोबर बांधायची रीतही आली असेल असं नाही, पण हे रूप त्या काळी या समुद्रांत माहीत होतं एवढं नक्की.

आणि जपान? तिथल्या प्राचीन कोफुन काळातल्या थडग्यांवर मातीची छोटी घरं ठेवलेली सापडतात. त्यांचीही छपरं खोगिरी, टोकं बाहेर झुकलेली. तोराजा, बटाक, मिनांगकाबाउ यांच्या भाषा ज्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या, त्यात जपानी नाही. म्हणजे हे रूप एका भाषाकुळाची मक्ता-मिरास नव्हे.

इथे स्विस वास्तुरचनाकार गाउडेन्झ डोमेनिगची मांडणी मला सगळ्यात पटते. त्याने प्रतीकं बाजूला ठेवली आणि छप्पर बांधायला सुरुवात कशी होत असेल ते पाहिलं. भिंती नाहीत, खांब नाहीत, जमिनीवरच टेकलेलं छप्पर अशी कल्पना करा. दोन्ही टोकांना वाशांची एकेक कैची उभी करायची आणि आढं त्यांवर टाकायचं. कैच्या बाहेरच्या बाजूला झुकवल्या की आढं ताणलेलं राहतं, सांगाडा स्थिर होतो, आणि टोकाची त्रिकोणी बाजू आपोआप वरून पुढे झुकते. तिथे पाऊस आत येत नाही आणि चुलीचा धूर वरून निघतो. पुढे हेच छप्पर खांबांवर चढलं तेव्हा झुकलेलं टोकही त्याच्याबरोबर वर गेलं. अशी युक्ती एकाहून जास्त ठिकाणी सापडू शकते. साधनं तीच, पाऊस तोच, गुरुत्वाकर्षण तेच. पळसाला पाने तीनच असणार. समान वारसा आणि स्वतंत्र योगायोग यांतलं एकच निवडण्याचा हट्ट इथे सोडावा लागतो. बीज बहुधा बांधणीतलं आहे, काही ठिकाणी ते वारशाने गेलं आणि काही ठिकाणी नव्याने उगवलं असावं.

पण डोमेनिगची मांडणी छपराची सुरुवात सांगते. आज रान्तेपाओत दिसणारा टोकाचा बाक ती सांगत नाही.

खांबांचं वय

त्याआधी पाय, म्हणजे खांब. भाषेचा वंशवृक्ष आता बऱ्यापैकी पक्का आहे. रसेल ग्रे आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 400 ऑस्ट्रोनेशियन भाषांचे मूळ शब्द ताडून या कुळाचा उगम तैवानमध्ये, सुमारे 5200 वर्षांपूर्वीचा काढला. या कुळात घराच्या भागांचे काही शब्द फार दूरवर टिकले. तोराजात घराच्या खांबाला ‘आरिरी’ म्हणतात, फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये ‘हालिगी’, आणि हिंदी महासागर ओलांडून मादागास्करमध्ये ‘आंद्री’. भाषाशास्त्राच्या नियमांनी हे तिन्ही एकाच जुन्या शब्दाचे वंशज ठरतात. तोंगकोनानमध्ये एक खांब ‘आरिरी पोसी’, म्हणजे नाभीचा खांब, आणि तो ठरावीक दर्जाच्याच घरांना मिळतो.

शब्द टिकला म्हणजे वस्तू जशीच्या तशी टिकली, असं नाही. तोराजांचाच शब्द पाहा. तिथे घराला ‘बानुआ’ म्हणतात. मूळ भाषेत याचा अर्थ वस्तीची भूमी, आणि मलयमध्ये ‘बेनुआ’ म्हणजे चक्क खंड. शब्दही वारशाने येतात आणि वाटेत बदलतात. म्हणून शब्दांबरोबर लाकूडही तपासावं लागतं.

लाकूड तपासायला आलांग ही उत्तम जागा आहे. कोठाराचे पाय गोल, गुळगुळीत, ताडवर्गातल्या झाडाच्या खोडाचे. उंदराला त्यावर पकड मिळत नाही. आपल्याकडे कणगी शेणामातीने लिंपतात, त्यामागची काळजी हीच. भात साठवणाऱ्याला या पायांशी खेळ परवडत नाही. पाय बदलून बघणाऱ्याचं बियाणं त्या वर्षी उंदीर खातात आणि त्याच्या पायाची नक्कल कुणी करत नाही. निवड कडक असली की रूप स्थिर राहतं.

शंभर वर्षांतली शर्यत

आता प्रकरणाचा गाभा. उत्क्रांती म्हटलं की आपण हजारो वर्षं मागे पाहतो. तोंगकोनानच्या छपराची सगळ्यात नाट्यपूर्ण उत्क्रांती मात्र विसाव्या शतकात, कॅमेऱ्यासमोर झाली.

जुन्या छायाचित्रांतली तोंगकोनानं पाहिली की आधी खटकतं ते छप्पर. आढं जवळजवळ सरळ किंवा हलकंसं खोलगट, टोकं आखूड, घर एकंदर बुटकं. पुढे दर पुनर्बांधणीत बाक वाढत गेला, टोकं लांबत गेली, घर उंच होत गेलं. रॉक्साना वॉटरसनसारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी हा बदल नीट नोंदवला आहे. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

डच सैन्य या डोंगरात 1906 मध्ये आलं. 1913 मध्ये पहिला डच मिशनरी आला; 1917 मध्ये त्याचा खून झाला, पण मिशन टिकलं. आज बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती आहेत. पूर्वी कोरीव घर बांधायचा अधिकार सरदार घराण्यांपुरता होता. गुलामी संपली, दर्जाची जुनी बंधनं सैलावली. मग 1970 च्या आगेमागे तरुण तोराजा मकास्सर, कालिमंतान, पापुआ आणि थेट मलेशियापर्यंत कामाला जाऊ लागले, आणि पैसे घरी पाठवू लागले. त्याच दशकात पर्यटक आले. ज्यांना पूर्वी कोरीव तोंगकोनान बांधता येत नव्हतं त्यांच्या हाती पैसा आला, आणि ज्यांना ते येत होतं त्यांना आपलं वेगळेपण नव्याने दाखवावं लागलं. हा पैसा दोन गोष्टींत गेला: अंत्यविधीत, ज्याला राम्बू सोलो म्हणतात आणि ज्यात रेड्यांचे बळी मोजले जातात, आणि घरात. घरात तो सगळ्यात जास्त कुठे दिसतो? लांबून दिसणाऱ्या भागात. छपरात.

मोराचा पिसारा याच तर्काने समजतो. पिसारा उडायला मदत करत नाही, अडथळाच करतो. तो टिकतो कारण बघणारी तोच निवडते. इथे बघणारे म्हणजे भाऊबंद, सोयरे, शेजारच्या वाडीतले. आणि तुलाक सोम्बाकडे या नजरेने पाहिलं की तो खांब वेगळाच दिसू लागतो. टोक भिंतीच्या थोडंच पुढे असेल तर टेकूची गरज नसते. टोक लांबत गेलं आणि टेकू आवश्यक झाला. दागिन्याने आपल्याला पेलायला नवा अवयव निर्माण केला! मग त्या अवयवावरही शिंगं चढली आणि तोसुद्धा दागिना झाला. घराच्या मुख्य खांबांच्या बाबतीत असं काही घडलं नाही.

मग पत्रा आला. मूळ छप्पर फोडलेल्या बांबूच्या कितीतरी थरांचं, वजनदार, वेळखाऊ. केते केसूसारख्या वाडीत जुन्या बांबूच्या छपरांवर नेचे आणि शेवाळ माजलेलं दिसतं. पत्रा हलका आणि स्वस्त पडतो. सरळ छपरावर तो घालणं सर्वांत सोपं, वाकड्यावर त्रासाचं. रूप साहित्यावर अवलंबून असतं तर पत्र्याबरोबर बाक जायला हवा होता. तो गेला नाही. उलट आता सिमेंटचं किंवा खालच्या सखल भागातल्या धर्तीचं दुमजली घर बांधून त्याच्या डोक्यावर तोंगकोनानचं छप्पर बसवलेलंही दिसतं. भाजे लेण्याच्या चैत्यगृहात खांब आत झुकलेले आहेत. लाकडी बांधणीत तो कल भार पेलायला लागतो. अखंड कातळात त्याची काहीच गरज नाही, तरी कारागिरांनी तो राखला. पण भाज्याचा कल आणि तोराजांचा बाक यांत एक फरक आहे. भाज्यात रूप थिजलं, अवशेषांगासारखं. तोराजात साहित्य बदलूनही रूप वाढतच राहिलं. निवड थांबलेली नाही याची ही खूण आहे.

राज्यसंस्थेनेही हात लावला. 20 एप्रिल 1975 रोजी जकार्तात तामान मिनी हा देशाच्या छोट्या प्रतिकृतीचा बाग उघडला, आणि प्रत्येक प्रांताला त्याचं म्हणून ‘पारंपरिक घर’ मिळालं. प्रांतात घरांच्या कितीही जाती असोत, चित्रात एक बसते, आणि ती छपरावरूनच ओळखली जाते. सुमात्रात मिनांगकाबाउंची शिंगं सरकारी कचेऱ्यांवर आणि बँकांवर चढली. ओळख म्हणून निवडलं गेलेलं छप्पर राहायच्या घराशिवायही जगू लागलं.

आपल्याकडे म्हणतात, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे वासे फिरले, आणि खांब जागेवर राहिले. माझ्या लेखी या प्रकरणात उत्क्रांतीच्या विचाराची खरी कमाई हीच आहे. ‘हे घर कुठून आलं’ हा प्रश्नच चुकीचा मापलेला आहे. एकाच घराच्या वेगवेगळ्या भागांचं वय वेगळं, वेग वेगळा, आणि निवडणारा वेगळा. पायांना उंदीर आणि ओल निवडतात, छपराला शेजारी.

याला शेजारच्या क्षेत्रातून आधार आहे. 2008 मध्ये डेबोरा रॉजर्स आणि पॉल एर्लिक यांनी पॉलिनेशियातल्या होड्यांच्या रचनेची बेटानुसार तुलना केली. होडी तरंगण्याशी, टिकण्याशी संबंधित गुण एकीकडे, सजावट दुसरीकडे. कामाचे गुण सजावटीपेक्षा सावकाश बदललेले निघाले. बुडणारी होडी नक्कल करायला परत येत नाही. शेवटी छपराच्या प्रकरणात होडी आली ती अशी, उगम म्हणून नव्हे तर नमुना म्हणून.

जिथे ही चौकट ताणली जाते

घरं पिल्लं देत नाहीत. मधे माणूस असतो, त्याला हेतू असतो, आणि त्याने हयातीत शिकलेलं पुढच्या घरात उतरतं. मोर शेजारच्या जातीकडून पिसारा उसना घेऊ शकत नाही. सुतार घेऊ शकतो, आणि घेतो. घराचा वंशवृक्ष म्हणून जे काढू ते झाडापेक्षा वडाच्या पारंब्यांसारखं गुंतलेलं असणार. मला हा दोष वाटत नाही, पण नुसत्या रूपांच्या यादीवरून संगणकाने नीटस झाड काढून दिलं की त्यावर फार विसंबू नये.

जास्त गंभीर धोका त्या जुन्या शिडीचा आहे. डच अधिकाऱ्यांनी बेटोबेटीची जुनी घरं अंधारी, धुरकट आणि म्हणून रोगट ठरवली. त्यांना आत फक्त अंधार दिसला. त्याच धुराने छपरातली कीड मरते आणि शाकारणी टिकते, हे हिशेबात आलं नाही. स्वातंत्र्यानंतरही हाच सूर राहिला. 1960 आणि 70 च्या दशकांत कालिमंतानमधल्या दायाकांची लांबच लांब सामायिक घरं मागासलेपणाची खूण म्हणून मोडायला लावली. या घरांना ‘काळाच्या ओघात नष्ट झाली’ म्हणणं साफ खोटं आहे. ती निवडीत हरली नाहीत, त्यांना हुकमाने पाडलं. उत्क्रांतीची भाषा वापरणाऱ्याने हा फरक प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिला पाहिजे, नाहीतर पाडणाऱ्याचा गुन्हा निसर्गाच्या खात्यावर जातो.

उलट बाजूला फ्लोरेस बेटावरचं वाए रेबो आहे. तिथली शंकूसारखी गोल घरं सातांवरून चारांवर आली होती. 2008 नंतर गावकरी आणि इंडोनेशियन वास्तुरचनाकारांनी मिळून ती पुन्हा सात केली, आणि 2012 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. प्राण्याची जात गेली की गेली. घराची जात एक नमुना आणि बांधणारे हात शिल्लक असेपर्यंत परत येते. जीवशास्त्राशी तुलना इथे तुटते, आणि ती तुटते याचा मला आनंद आहे.

मोजून पाहण्याजोगं

माझा दावा तपासता येतो, आणि तो तपासला जावा असं मला मनापासून वाटतं. तोराजा घरांची डच काळातली छायाचित्रं संग्रहांत आहेत, आणि अनेक तोंगकोनानं आजही त्याच जागी, त्याच नावाने उभी आहेत. भिंतीची लांबी एकक धरायची आणि दर पिढीच्या घरात छपराचं टोक तिच्या किती पट पुढे गेलं ते मोजायचं. त्याच चित्रांत खांबांची संख्या, जाडी आणि जमिनीपासून तळापर्यंतची उंची मोजायची. समोरच्या आलांगचंही तसंच. माझ्या अंदाजाप्रमाणे छपराचा आलेख 1970 नंतर झपाट्याने चढेल, आणि कोठाराच्या पायांचा जवळजवळ सपाट राहील. घरांची उंची वाढली आहे, म्हणून घराच्या खांबांचा आलेख मधे कुठेतरी पडेल. आलांगचे पाय छपराइतक्याच वेगाने बदललेले निघाले, तर उंदीर आणि शेजारी यांची मी केलेली वाटणी मागे घ्यावी लागेल.